मेंढ्यांनी राखलेलं निळं फूल

आल्पाइन फूल म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर आधी स्वित्झर्लंड येतं. हिरवेगार उतार, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी, मागे बर्फ, आणि त्या बर्फात शिफॉनची साडी नेसून गाणं म्हणणारी, थंडी अजिबात न वाजणारी हिरोईन. मी ज्या फुलाबद्दल लिहितेय ते स्वित्झर्लंडमध्ये भरपूर आहे, नाही असं नाही, पण मला ते भेटलं इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, मिडल्सब्रोपासून गाडीने दीडएक तासावर, एका डांबरी रस्त्याच्या कडेला. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ढुंगणाला चिखल लागलेल्या मेंढ्या, आणि वारा असा की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लावावे लागले. रोमँटिक वगैरे काहीही नव्हतं.

नाव स्प्रिंग जेन्शियन, शास्त्रीय नाव जेन्शियाना व्हर्ना. अख्ख्या ब्रिटनमध्ये हे फक्त टीज नदीच्या अगदी वरच्या खोऱ्यात, म्हणजे अप्पर टीजडेलमध्ये उगवतं. आयर्लंडमध्ये पश्चिमेकडे आहे, त्याबद्दल पुढे सांगते, आणि मग एकदम पिरेनीज, आल्प्स, कार्पेथियन असं करत कॉकेशसपर्यंत. आल्प्समध्ये जेन्शियन इतकं घरचं आहे की ऑस्ट्रियाच्या १ सेंटच्या नाण्यावर तेच कोरलंय. तिकडच्या जुन्या लोकांत अशी समजूत होती की हे फूल तोडून घरात आणलं की घरावर वीज पडते. मला ही समजूत जाम आवडते. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याने हे फूल तोडायला बंदी आहे, पण कायदा कुठे कोण वाचतं, वीज पडेल म्हटलं की माणूस हात मागे घेतो.

आता फूल. उंचीला बोटाची दोन पेरं, वाऱ्यात असेल तर एकच. खाली पानांचा छोटासा गोल गुच्छ, जमिनीला इतका चिकटलेला की वर फूल नसेल तर आपण त्यावर पाय देऊन निघून जाऊ. त्या गुच्छातून एक बारीक देठ आणि देठावर एकच फूल. पाच पाकळ्या सपाट पसरलेल्या, आणि प्रत्येक दोन पाकळ्यांच्या मध्ये एक छोटीशी, टोकाला चिरलेली जादा पाकळी, म्हणजे ती पाकळी नसतेच पण दिसते तशी. मध्ये पांढरा ठिपका, तो म्हणजे नळीचं तोंड. पाकळ्यांच्या खाली ही नळी चांगली लांब आणि चिंचोळी आहे, त्यामुळे आलतूफालतू माश्यांचं तिथे काम नाही, लांब जिभेची भुंग्यासारखी मोठी केसाळ मधमाशी नाहीतर फुलपाखरूच तळापर्यंत पोचतं. हे सगळं बघायचं तर रस्त्यावर पालथं पडावं लागतं, आणि मे महिन्यातल्या रविवारी तिथे तशी पालथी पडलेली माणसं दिसतातही, बहुतेक सगळी साठीच्या पुढची, गळ्यात भिंग.

रंगाबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण निळा लिहिलं की तुम्ही तुमचा निळा डोळ्यासमोर आणणार. फोटोत तर हा रंग हमखास गंडतो, मोबाईल त्याला जांभळा तरी करतो नाहीतर शाईचा. माझी आजी पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची, त्या बादलीत नीळ पडल्या पडल्या, ढवळायच्या आधी, पाण्यात जो निळा दिसतो ना, तो. बाकी आजूबाजूला सगळं मळकट पिवळं गवत, करडे दगड, काळपट पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा ओलसर थर, मेंढीची लेंडकं, आणि त्यात हा रंग, त्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी चॉकलेटचा कागद टाकलाय असंच वाटतं.

आणि ऊन गेलं की हे मिटतं. संध्याकाळी मिटतं असं नाही, भर दुपारी ढग आला आणि गारवा पडला की पाकळ्या पिळून घट्ट गुंडाळल्या जातात आणि तुमच्या समोरचं फूल बघता बघता गायब. जिथे मिनिटामिनिटाला हवा बदलते तिथे पराग भिजू न देण्यासाठी हा उपाय असणार, आणि तो शहाणपणाचा आहे, पण बघायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. लांबून गाडी चालवत आलेली माणसं ढगाकडे बघत थर्मासमधला चहा पीत बसलेली मी पाहिलीत.

हे बहुवर्षीय झाड आहे हे मात्र वरून कळत नाही. आपल्या सड्यावरची पावसाळी फुलं कशी, बी पडलं, पाऊस आला, उगवलं, फुललं, ऑक्टोबरात संपलं. जेन्शियनचं तसं नाही. त्याचा पानांचा गुच्छ हिवाळाभर बर्फाखाली हिरवा राहतो, आणि जमिनीखालून बारीक दांडे पसरत जातात, त्यातून बाजूला नवा गुच्छ, त्याच्या बाजूला अजून एक. वर एक फूल दिसलं तर आसपास न फुललेले कितीतरी गुच्छ असतात आणि ते सगळे मिळून खरं म्हणजे एकच झाड असू शकतं. बियांपासून नवीन रोप फार क्वचित मूळ धरतं. म्हणजे ही मंडळी नवीन जागी जाऊन वसणारी नाहीत, आहे ती जागा धरून बसणारी आहेत. एकदा गेली की गेली.

जाता जाता, ह्याचं आणि आपल्या काडेचिराइताचं कूळ एकच. लहानपणी ताप आला की ज्याचा काढा नाक दाबून पाजायचे तेच ते, कडू जहर. आल्प्समध्येही जेन्शियनच्या एका मोठ्या, पिवळ्या फुलाच्या जातीच्या मुळांपासून कडू दारू काढतात आणि जेवणानंतर पचनासाठी म्हणून घेतात. खानदानी कडूपणा आहे.

तर प्रश्न असा की हे फूल आल्प्स सोडून इथे, दुर्गम पण शेवटी इंग्लंडातल्याच एका टेकाडावर करतंय काय. ह्याचं उत्तर अर्धं दगडात आहे.

टीजडेलमध्ये विन सिल नावाचा खडक आहे, काळा, कठीण डोलेराइट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या नात्यातला. पण आपला बेसॉल्ट लाव्हा होऊन जमिनीवर पसरला आणि हा साधारण २९.५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातच, आधीपासून असलेल्या चुनखडकाच्या थरांमध्ये घुसला. सुमारे ११०० अंशांचा रस. त्याला लागून असलेला चुनखडक अक्षरशः भाजून निघाला आणि त्याचा रवाळ संगमरवर झाला. वर उघडा पडल्यावर हा संगमरवर झिजून त्याचे दाणे सुटतात, पांढरे, चमकणारे, म्हणून त्याला इथे शुगर लाइमस्टोन म्हणतात. तळहातावर घेतला तर खरंच साखर हातात घेतल्यासारखं वाटतं, फक्त बोटांना चिकटत नाही. असा खडक विडीबँक फेल आणि क्रॉन्कली फेल ह्या समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर आहे. फेल म्हणजे इकडच्या भाषेत डोंगराचा उघडा माथा.

आता ह्या साखरेत काय उगवणार? पाणी ठरत नाही. माती म्हणावी तर इंचभर. फॉस्फरस जवळपास नाहीच, नायट्रोजन बेताचा. गवताला माजायला जे लागतं ते इथे काहीच नाही, आणि नेमकं तेच जेन्शियनला हवंय, कारण त्याची उंची दोन पेरं, गवत वीतभर वाढलं की ह्याच्या डोक्यावर सावली आली, खेळ खलास. श्रीमंत जमिनीत हे फूल मरतं. उपाशी जमिनीत जगतं असं म्हणण्यापेक्षा बाकीचे उपाशी मरतात म्हणून ह्याला जागा मिळते असं म्हणणं जास्त बरोबर.

हवामानही तसंच. उंची जेमतेम ५०० मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्याहूनही कमी, पण थंडी भलतीच. गॉर्डन मॅन्ली नावाच्या हवामान अभ्यासकाने १९३०च्या दशकात इथून जवळच, ग्रेट डन फेलच्या माथ्याकडे, झोपडीवजा केंद्र उभारून थंडीवाऱ्यात नोंदी घेतल्या होत्या, आणि त्याने इथल्या हवेची तुलना समुद्रसपाटीच्या आइसलँडशी केली होती. पण जमिनीला चिकटून राहण्याचा फायदा असतो. उन्हाच्या दिवशी तुमच्या कानाशी वारा बोचत असतो तेव्हा जमिनीलगत दोन इंचात हवा बऱ्यापैकी उबदार असते. पालथं पडल्यावर हे गालाला कळतं. आपण उभे असतो त्या हवेत हे फूल राहतच नाही, त्याचा देश वेगळा आहे, त्या देशाची उंची दोन इंच.

हिमयुग संपत आलं तेव्हा बर्फ मागे हटत गेला आणि मागे उघडी, दगडगोट्यांची जमीन राहिली. तेव्हा ब्रिटनमध्ये आणि युरोपात अशी फुलं ठिकठिकाणी होती असं मानतात. मग हवा उबदार झाली, आधी बर्च आला, पाइन आला, हेझल आला, जंगल वर वर चढत गेलं आणि ही उन्हातली बुटकी मंडळी सावलीत सापडून संपत गेली. विडीबँकवर मात्र साखरी खडकावर झाडांचं पाऊल नीट पडलंच नाही, जंगल विरळ राहिलं, मध्ये मध्ये उघडे पट्टे राहिले. हे नुसतं तर्काने म्हणत नाहीत. पीटच्या थरांमध्ये हजारो वर्षांचे परागकण जपलेले असतात, ते काढून मोजलेत. खालून वरपर्यंत उघड्यावर वाढणाऱ्या झाडांचे पराग सापडत राहतात. म्हणजे सलग दहा-बारा हजार वर्षं ह्या छोट्या तुकड्यावर कधीच पूर्ण सावली झाली नाही. आणि ह्या एकट्या फुलाचं नाही, टीजडेलमध्ये अशी आख्खी टोळी आहे. कुणी आर्क्टिककडचं, कुणी आल्प्सकडचं, टीजडेल व्हायोलेट, गुलाबी बर्ड्स-आय प्रिमरोज, आणि टीजडेल सँडवर्ट नावाची एक इतकी क्षुल्लक दिसणारी पांढरी फुलं, जी ब्रिटनमध्ये फक्त विडीबँकच्या टेकडीवर आहेत.

ह्यातल्या बऱ्याच फुलांचे पहिले शोध अठराव्या शतकाच्या शेवटी लागले आणि त्यात मोठा वाटा जॉन बिंक्स नावाच्या माणसाचा होता. हा शिशाच्या खाणीत काम करायचा आणि जोडीला औषधी वनस्पती गोळा करायचा. पुस्तकात नावं अर्थातच शिकलेल्या पाद्र्यांची वगैरे आली. आपल्याकडेही वनस्पतींच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत गोळा करून आणणाऱ्या माणसाचं नाव कुठे असतं.

बाबा दोन वर्षांपूर्वी इकडे आले होते. बाबा मूळचे जावळीतले, मेढ्याच्या बाजूचे, लहानपणी गुरं घेऊन सड्यावर गेलेले. त्यांना मॉल दाखवून झाले, समुद्र दाखवून झाला, आणि ते सभ्यपणे कंटाळले होते, म्हणून मी त्यांना काऊ ग्रीनला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या धरणाच्या काठी, घेऊन गेले. ऊन छान होतं, फुलं उघडी होती, मी भक्तिभावाने दाखवतेय, बाबा कमरेत वाकले, "बरंय की" म्हणाले, आणि सरळ उभं राहून मेंढ्यांकडे बघायला लागले. स्वेलडेल जातीच्या मेंढ्या, काळं तोंड, पांढरं नाक, वळलेली शिंगं. त्या अगदी फुलं होती तिथेच चरत होत्या.

"ही मेंढरं खात नाहीत होय गं हे?"

"खातात ना बाबा."

"मग राहिलंय कसं?"

मी म्हटलं, त्या खातात म्हणूनच राहिलंय. बाबा हसले, मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग दहा मिनिटं मी त्यांना रस्त्यावर उभं करून समजावलं, तोपर्यंत ढग आला आणि फुलं मिटली.

पण खरंच तसं आहे. साखरी खडकाचा भाग थोडा, त्याच्या कडेकडेने जरा खोल माती आहे, तिथे गवताला बळ येतं. जंगल तोडून माणूस जनावरं चारायला लागला तेव्हापासून, म्हणजे कित्येक हजार वर्षं, हे गवत कुणीतरी खातंय. मेंढी जेन्शियनचं फूलही खाते, चवीला कडू असलं तरी, त्या वर्षीचं बी जातं. पण ह्याला बियांची एवढी फिकीर नाही, जमिनीला चिकटलेला गुच्छ मेंढीच्या दातांखाली येत नाही, मुळाकडून तो चालूच राहतो. उंच गवताला मात्र दर आठवड्याला दणका बसतो. शिवाय खुरांनी जमीन जरा जरा उकरली जाते, मोकळे खड्डे पडतात. म्हणजे हिशोब असा की शत्रू दोघांनाही खातो पण प्रतिस्पर्ध्याला जास्त खातो. राजकारणात असं पुष्कळदा बघितलंय आपण.

धरणाची गोष्ट ह्याहून वाकडी आहे. टीजच्या मुखाशी, मिडल्सब्रोच्या शेजारी बिलिंगहॅम आहे, तिथे १९२०च्या दशकापासून अमोनियाचे कारखाने. १९६०च्या दशकात आयसीआय ह्या रसायनांच्या कंपनीला तिथे नवीन अमोनिया प्लँटसाठी प्रचंड पाणी पाहिजे होतं, आणि नदीच्या वरच्या अंगाला साठवण करायची तर काऊ ग्रीनची जागा सोयीची. वनस्पतीशास्त्रज्ञ हादरले, वर्तमानपत्रांत पत्रं, समित्या, संसदेत साक्षी. इंग्लंडमध्ये रानफुलांवरून इतकी मोठी भांडणं फार झालेली नाहीत. शेवटी १९६७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १९७१ पर्यंत धरण उभं राहिलं. साखरी खडकाचा काही भाग आणि त्यावरची फुलं पाण्याखाली गेली. कंपनीने संशोधनासाठी एक लाख पौंड दिले, आणि पाणी चढायच्या आधी अभ्यासकांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून जे मोजता येईल ते मोजलं, जे उचलता येईल ते उचलून बागांमध्ये नेलं. परागकणांचं बरंचसं कामही ह्याच घाईत झालं. म्हणजे आज आपल्याला ह्या जागेबद्दल जे माहितीये त्यातलं बरंच ती बुडणार होती म्हणून माहितीये.

मला ह्यात जे सगळ्यात लागतं ते वेगळंच. अमोनिया कशासाठी? मुख्यतः खतासाठी. नायट्रोजनची खतं. आणि जगभर अशा गरीब जमिनीवरच्या फुलांना जर कुणी संपवलं असेल तर ते नायट्रोजनने. खत टाकलं की कुरणातलं गवत माजतं, बुटकी फुलं खाली दबून जातात. शेतात न टाकलेलंही गाड्यांच्या धुरातून, गोठ्यांतून हवेत जातं आणि पावसाबरोबर इथल्या डोंगरावर उतरतं. म्हणजे फुलांची जागा बुडवून पाणी साठवलं ते फुलांचा शत्रू तयार करायला. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. त्या खतावर पिकलेलं धान्य मी खाते, माझ्या आधीच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभं राहून ते धान्य आणलं, आणि हरितक्रांती झाली नसती तर काय झालं असतं हे मला बाबांनी सांगायची गरज नाही. पण गंमत म्हणा, क्रूर म्हणा, आहे खरी. आणि अजून एक, धरणाकडे जाणारा तो डांबरी रस्ता झाला नसता तर साध्या चपला घालून बाबा त्या फुलापर्यंत पोचलेच नसते.

धरण झालं, आरडाओरडा थांबला, आणि सगळ्यांना वाटलं की आता उरलंय ते राखीव क्षेत्र आहे, सुरक्षित आहे. मूर हाउस-अप्पर टीजडेल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र, बोर्ड आहेत, नकाशे आहेत. आणि तरीही फुलं कमी होत गेली. हे मोजून दाखवलं मार्गारेट ब्रॅडशॉ ह्या बाईंनी. १९५०च्या दशकापासून ह्या टेकड्यांवर काम करणाऱ्या, डरहॅमच्या वनस्पतीशास्त्रज्ञ. त्यांनी १९६०-७०च्या दशकात कुठल्या तुकड्यावर कुठली झाडं किती आहेत ह्याच्या बारीक नोंदी केल्या होत्या, आणि पन्नासेक वर्षांनी, नव्वदी ओलांडल्यावर, स्वयंसेवकांना घेऊन पुन्हा त्याच तुकड्यांवर मोजणी केली. बऱ्याच दुर्मिळ फुलांची अवस्था निम्म्यावर किंवा त्याहून वाईट. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे, मेंढ्या कमी केल्या, गवत वाढलं. पंचाण्णवाव्या वर्षी ह्या बाई घोड्यावर बसून टीजडेलमधून लांबची रपेट करून आल्या, फुलांच्या कामासाठी पैसे जमवायला. आपल्याकडे पंचाण्णवीतल्या बाईला कुणी घोड्यावर बसू देईल का, सुना-मुलगे आधी बीपीची गोळी हातात देतील.

मेंढ्या कमी का केल्या, तर त्यामागेही चांगलाच हेतू होता. मधल्या काळात मेंढीमागे सबसिडी मिळायची म्हणून डोंगरांवर मेंढ्या बेसुमार झाल्या होत्या, डोंगर खरवडले जात होते. मग धोरण बदललं, मेंढ्या कमी ठेवण्यासाठी पैसे मिळायला लागले. मध्येच २००१ला लाळ्या-खुरकुताची साथ आली, देशभरात साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. बाकी डोंगराला ह्या कपातीने बरं वाटलंही असेल, हेदरची झुडपं वाढली, पक्ष्यांना आडोसा मिळाला. पण साखरी खडकावरच्या त्या दोन इंची देशाला वेगळा नियम लागतो. आणि जास्त मेंढ्याही चालत नाहीत बरं का. क्रॉन्कलीवर ससे साखरी खडक पोखरून काढतात, ती सगळी साखर वाऱ्यावर उडते, म्हणून तिथे काही तुकड्यांना जाळी मारून ससे बाहेर ठेवावे लागलेत, आणि मेंढ्यांना कधी आत घ्यायचं ते ठरवून घ्यावं लागतं. म्हणजे एका टेकडीवर चराई हवी आणि समोरच्या टेकडीवर कुंपण. सोपं उत्तर शोधणाऱ्याने इकडे येऊच नये.

हे सगळं समजावून झाल्यावर बाबा म्हणाले, "आमच्या कासला हेच झालं की." आणि मग गाडीत घरी येईपर्यंत तेच बोलत होते. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पर्यटकांची झुंबड उडाली, सेल्फी काढायला लोक फुलांत लोळायला लागले, म्हणून तारेचं कुंपण घातलं. लोकांना आवर घालायला घातलेल्या कुंपणाने गुरंही बाहेर राहिली. मग काही वर्षांत गवत माजलं, फुलं कमी दिसायला लागली अशी ओरड सुरू झाली, गावकरी तर पहिल्यापासून म्हणतच होते, आणि शेवटी ते कुंपण काढलं. तिथलं कारण एकटी चराईच आहे असं ठामपणे म्हणणं घाईचं, पर्यटकांचे पाय आहेत, पावसाचं बदललेलं वेळापत्रक आहे. पण बाबांचा मुद्दा मला पटला की सड्यावर म्हशी गेल्या कित्येक पिढ्या चरत होत्या आणि तेरडा, गेंद, सीतेची आसवं, कवला सगळं फुलत होतं, तर म्हशीला बाहेर काढताना कुणीतरी म्हशीच्या मालकाला विचारायला हवं होतं.

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचीही हीच चर्चा आहे. १९८२ला राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढपाळांना बंदी झाली, आणि नंतर पॉलिगोनम नावाचं माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढणारं रानटी झुडूप दरी व्यापत गेलं, आता वनखात्याला माणसं लावून ते उपटावं लागतं. चराईबंदीमुळेच झालं की नाही ह्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मेंढ्या फुकट करत होत्या ते काम आता मजुरी देऊन करावं लागतंय एवढं तरी खरं.

आयर्लंडच्या बरनमध्ये मात्र लोकांनी हे वेळेत ओळखलं. बरन म्हणजे चुनखडकाचं विस्तीर्ण उघडं पठार, अटलांटिकला लागून, आणि तिथे हेच जेन्शियन जवळजवळ समुद्राच्या पातळीवर उगवतं, आल्प्सचं फूल समुद्रकिनाऱ्यावर. तिथली पद्धत उलटी, गुरं उन्हाळ्यात खाली आणि हिवाळ्यात वर डोंगरावर, कारण खडक उन्हाळ्यातली ऊब हिवाळ्यापर्यंत धरून ठेवतो. हिवाळाभर गुरं वाळलेलं गवत साफ करतात आणि वसंतात फुलांना आयतं मोकळं अंगण मिळतं, शिवाय फुलायच्या वेळी तोंड मारायला गुरं तिथे नसतात. २००५ ते २०१० तिथे बरनलाइफ म्हणून प्रकल्प झाला, शेतकऱ्यांना सोबत घेऊन, आणि त्यातून पुढे फुलांची कुरणं चांगली ठेवणाऱ्याला त्याप्रमाणे पैसे द्यायची पद्धत आली. शेतकऱ्याला फुलांचा राखणदार मानलं, गुन्हेगार नाही. मला वाटतं टीजडेललाही शेवटी इकडेच यावं लागेल, आणि कासलाही.

आपल्यातल्या बऱ्याच ट्रेकर लोकांना, आणि मीही त्यातलीच, 'अनटच्ड नेचर' फार आवडतं. माणूस नको, गुरं नको, फक्त आपण आणि आपला कॅमेरा. टीजडेलमध्ये माझ्या डोक्यातलं ते खूळ बऱ्यापैकी उतरलं. इथे खाण कामगार होते, चुन्याच्या भट्ट्या होत्या, धनगर आहेत, धरण आहे, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध हिमयुगापासूनचं फूल आहे. त्यातला धनगर गेला तर फूलही जाईल. मेंढपाळी करणारी तिथली तरुण पोरं शहराकडे चाललीत, थंडीत पहाटे चार वाजता कोकरं काढायला उठायचं आणि वर्षाच्या शेवटी हातात काय उरतं, ह्याचं उत्तर त्यांना कुणी देत नाही. रस्त्यावर भेटलेल्या एका बाईंना मी विचारलं की तुमच्या मेंढ्यांमुळे ही फुलं टिकलीत हे तुम्हाला माहितीये का, तर त्या म्हणाल्या माहितीये, पण लोकर कातायला जेवढा खर्च येतो तेवढेही पैसे लोकरीचे येत नाहीत, हे तुला माहितीये का? आणि कुत्र्याला शीळ घालून निघून गेल्या.

जायचं असेल कुणाला तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा. लँग्डन बेकवरून काऊ ग्रीनच्या कार पार्कला गाडी लावायची आणि धरणाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने चालायचं, दोन-अडीच किलोमीटर असेल, फुलं रस्त्याच्या कडेलाच दिसतात, गवतात शिरायची गरजच नाही आणि शिरूही नका. ऊन असेल तरच सकाळी अकरानंतर. वारा कायम असतो, कानटोपी मे महिन्यातही न्या. फोनला रेंज नसते. धरणाच्या खाली विन सिलवरून टीज धडाधड कोसळते, कॉल्ड्रन स्नाउट, तिथले दगड ओले असतात, पोरांचा हात धरा. आणि ढगाळ असलं, फुलं मिटलेली असली, तर परत फिरून खाली हाय फोर्सला जा, धबधबा ढगातही चालू असतो, आणि जवळच्या हॉटेलात चिप्स बऱ्या मिळतात.